कलेजीतला अज्ञात घटक

क्लाइव्ह मॅके यांच्या हौदांमधले ट्राउट मासे उपाशी नव्हते. त्यांना प्रथिने मिळत होती, पिष्ट मिळत होते, चरबी आणि क्षार मिळत होते. त्या काळी माहीत असलेली जीवनसत्त्वेही घालून झाली होती. उंदराच्या पिल्लाला असा आहार दिला असता तर ते धडधाकट वाढले असते. ट्राउट मात्र काही आठवडे बरे दिसत, मग खाणे सोडत, रंगाने काळवंडत आणि एकामागून एक मरत. शेजारच्या हौदातल्या माशांना बैलाची कच्ची कलेजी मिळे. ते मजेत होते. मरायला टेकलेल्या माशांना थोडी कच्ची कलेजी दिली की तेही सावरत. तीच कलेजी शिजवून किंवा वाळवून दिली, की गुण नाहीसा.

ही १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. ठिकाण अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातली बर्लिंग्टनची सरकारी हॅचरी. मॅके तेव्हा तिशीच्या आतले होते. येल विद्यापीठात लाफायेट मेंडेल यांच्या हाताखाली ते पोषणशास्त्रात संशोधन करत होते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या शोधात ज्यांचा वाटा होता, तेच हे मेंडेल. उंदरांवर काम करणाऱ्यांच्या त्या मांदियाळीत एका तरुणाने मासे निवडले, याला कारण होते. जंगले तुटल्यामुळे अमेरिकेच्या पूर्वेकडचे ओढे ब्रूक ट्राउटने रिकामे होत चालले होते. ते पुन्हा भरायचे तर हॅचरीत पिल्ले वाढवून सोडावी लागत, आणि हॅचऱ्यांचे सगळे गाडे खाटिकखान्यावर अवलंबून होते. कलेजी, हृदय, प्लीहा, घोड्याचे मांस, जे स्वस्त मिळेल ते दळून हौदात टाकायचे. १९२६ साली बोस्टनमध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवून दिले, की प्राणघातक रक्तक्षयाचे रोगी भरपूर कलेजी खाऊन वाचतात. त्यानंतर कलेजीला माणसांचीच मागणी आली. माशांसाठी स्वस्त, सुके, पोत्यात भरून ठेवता येईल असे खाद्य हवे होते, आणि सुक्या खाद्यावर मासे जगत नव्हते.

मॅके यांनी कच्च्या मांसातल्या त्या अज्ञात वस्तूला नाव दिले ‘एच घटक’. त्याहून जास्त काही त्यांना सांगता येत नव्हते. तो उष्णतेने नाश पावतो, वाळवणीत टिकत नाही आणि त्याच्याशिवाय ट्राउट मरतो, एवढीच त्याची ओळख.

पण याच हौदांमध्ये त्यांना दुसरे एक विलक्षण दृश्य दिसले, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर क्षण तोच आहे. माशाला किती प्रथिने लागतात हे पाहण्यासाठी त्यांनी वेगवेगळ्या प्रमाणाचे आहार केले होते. एका गटाच्या खाद्यात प्रथिने फक्त १० टक्के होती. हे मासे वाढलेच नाहीत. दुसऱ्या गटांना भरपूर प्रथिने होती आणि ते भराभर वाढले. एच घटक मात्र कोणाच्याच खाद्यात नव्हता, म्हणजे मरायचे सगळ्यांनाच होते. आधी मेले ते वाढलेले मासे. खुरटलेले मासे त्यांच्या जवळपास दुप्पट काळ जगले.

मॅके यांनी याचा अर्थ लावला तो असा. माशाच्या अंगात एच घटकाचा थोडासा साठा जन्मापासून असतो. वाढायचे म्हटले की तो साठा खर्च होतो. जो वाढत नाही त्याचा साठा पुरवून पुरवून वापरला जातो. वाढ फुकट होत नाही, तिची किंमत जगण्यासाठी लागणाऱ्या कुठल्यातरी वस्तूत मोजावी लागते. ‘भरपूर खाऊ घाला म्हणजे मासा वाढेल’ या समजाला इथे पहिला तडा गेला. किती खाल्ले यापेक्षा खाल्लेल्यातले कशात खर्ची पडले, हा प्रश्न पुढे आला. ही निरीक्षणे १९२९ साली प्रसिद्ध झाली.

पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेल्यावर मॅके यांच्या डोक्यातून तो खुरटलेला, पण चिवट ट्राउट गेला नाही. त्यांनी मेरी क्रॉवेल आणि लेनर्ड मेनार्ड यांच्यासोबत पांढऱ्या उंदरांवर तसाच प्रयोग केला. जीवनसत्त्वे आणि क्षार पुरेसे, उष्मांक कमी. वाढ रोखलेले उंदीर खूपच जास्त जगले. १९३५ सालचा तो निबंध आज वार्धक्यशास्त्राचा पाया मानला जातो. कमी खाऊन आयुष्य वाढते का, या प्रश्नावर जगभर आजही जे काम चालते, त्याचे एक मूळ माशांच्या खाद्याचा खर्च वाचवण्याच्या धडपडीत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

एच घटकाचे कोडे मात्र तसेच राहिले. १९३२ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या कोर्टलंडच्या हॅचरीत कॉर्नेल विद्यापीठ, राज्य सरकार आणि केंद्राचे मत्स्य खाते यांनी मिळून काम सुरू केले. अब्राम ट्युनिसन आणि पुढे आर्थर फिलिप्स यांनी तिथे वर्षानुवर्षे मासे मोजले, तोलले, कापून पाहिले. ट्राउटला पिष्ट पचवायला दिले की ते रक्तात साखर होऊन साचते आणि यकृत फुगते, हे त्यांनीच दाखवले. मधुमेह झालेल्या माणसासारखी ट्राउटची स्थिती असते. शक्तीसाठी तो धान्यावर विसंबू शकत नाही, प्रथिने जाळतो आणि त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. गाईम्हशींच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याचे तयार हिशेब इथे चालणार नव्हते.

यानंतरचा धागा थेट खंडाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक किनाऱ्यावर सापडला.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सिमन्स आणि नॉरिस हे दोन जीवरसायनतज्ज्ञ सामन माशाच्या पिल्लांचे रक्त तपासत होते. सुक्या खाद्यावरच्या पिल्लांचे कल्ले पांढरेफटक पडत. निरोगी माशाचा कल्ला लालभडक असतो, बाजारात मासे घेणाऱ्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. या पिल्लांच्या रक्तात लाल पेशी फारच थोड्या उरत. १९४१ साली त्यांनी जाहीर केले, की झँथॉप्टेरिन नावाचा पिवळा पदार्थ अत्यल्प मात्रेत दिल्यावर पेशी पुन्हा वाढतात. हा पदार्थ आला होता फुलपाखराच्या पंखांतून. युरोपातल्या पिवळ्या ब्रिमस्टोन फुलपाखराच्या पंखांना रंग देणारे हे द्रव्य १९२५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले होते, केवळ कुतूहलापोटी. फुलपाखराचा रंग आणि सामनचे रक्त यांचा संबंध काय, हे तेव्हा कुणालाच उलगडत नव्हते.

उलगडण्याची किल्ली त्याआधी दहा वर्षे मुंबईत सापडलेली होती.

१९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका बाळंतपणाच्या आसपास एका भयंकर रक्तक्षयाने मरत होत्या, त्याचे कारण शोधायला तिला बोलावले होते. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम मांडले. या बायकांच्या लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या. बायका काय खातात, काय खात नाहीत, याची तिने बारकाईने नोंद घेतली. जंतूंचा माग काढून झाला, काही मिळाले नाही. मग तिने आहारावर लक्ष धरले आणि यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे मार्माइट, या बायकांना देऊन पाहिले. त्या बऱ्या झाल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. मार्माइटमध्ये काय आहे हे तिलाही ठाऊक नव्हते, पण पुढे एक गोष्ट तिने ठामपणे मांडली. प्राणघातक रक्तक्षयावर गुणकारी ठरलेला कलेजीचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना उपयोगी पडत नाही, ओबडधोबड अर्क पडतो. म्हणजे कलेजीत रक्त तयार करणाऱ्या किमान दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

त्यातली एक निघाली फोलिक ॲसिड. १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालक गाळून त्यातून ते चिमूटभर मिळवले गेले आणि पानांवरून त्याला नाव पडले. १९४५च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनवण्यात आले. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. रेणूची रचना कळली तेव्हा फुलपाखराचाही खुलासा झाला. फोलिक ॲसिडचा एक भाग म्हणजे झँथॉप्टेरिनच्याच कुळातले दुहेरी कडे. दुसरी गोष्ट, ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ साली हाती आली.

मला इथे थांबावेसे वाटते. परळच्या गिरणी कामगार बाईचे रक्त आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सामनच्या पिल्लाचे रक्त एकाच वस्तूअभावी बिघडत होते, आणि बिघडण्याची पद्धतही तीच होती, मोठ्या, अपक्व, निरुपयोगी लाल पेशी. आज आपल्या आरोग्य केंद्रात गरोदर बाईला लोहाबरोबर फोलिक ॲसिडची गोळी मिळते आणि माशांच्या खाद्याच्या प्रत्येक चांगल्या पोत्यातही तेच घातलेले असते. पोषणाचे विज्ञान माणसाचे वेगळे आणि जनावराचे वेगळे असे नसते, याचा याहून नितळ पुरावा मला ठाऊक नाही.

तरीही ट्राउटचे कोडे पूर्ण सुटले नव्हते. फोलिक ॲसिड दिले तरी सुक्या खाद्यावरचे मासे कशाने ना कशाने मरतच होते. एच घटक ही एकच वस्तू असेल, हा समजच मुळात चुकला होता. कच्च्या कलेजीत अनेक गोष्टी एकत्र नांदत होत्या, आणि प्रत्येकीचा माग स्वतंत्रपणे काढायला हवा होता.

हे काम करणाऱ्या माणसाचे नाव जॉन हॅल्व्हर. वॉशिंग्टन राज्यातल्या वुडिनव्हिल या छोट्या गावचा जन्म, साल १९२२. महायुद्धात युरोपात लढून परतल्यावर त्यांनी जीवरसायनशास्त्र घेतले आणि १९५०च्या सुमारास केंद्राच्या मत्स्य व वन्यजीव सेवेत कोलंबिया नदीच्या घळीत कुक या ठिकाणी सामनच्या पोषणावर काम सुरू केले. त्या नदीवर बॉनव्हिल आणि ग्रँड कुली ही प्रचंड धरणे नुकतीच उभी राहिली होती. ग्रँड कुलीला माशांना वर चढायची वाट ठेवलेलीच नाही. शेकडो मैलांचा वरचा प्रवाह सामनला कायमचा बंद झाला आणि त्याची भरपाई म्हणून हॅचऱ्यांमधून कोट्यवधी पिल्ले सोडायची होती. धरणाने हिरावलेला मासा खाद्याच्या पोत्यातून परत मिळवायचा, अशी ती जबाबदारी होती.

हॅल्व्हर यांची रीत ऐकायला साधी होती. ज्यातला प्रत्येक घटक शुद्ध आणि मोजलेला आहे असा आहार बनवायचा. दुधातले शुद्ध केलेले केसीन, जिलेटिन, डेक्स्ट्रिन, तेल, क्षार आणि एकेक करून घातलेली जीवनसत्त्वे. मग पुढच्या हौदासाठी तोच आहार, पण त्यातून एकच जीवनसत्त्व वगळायचे. त्याच्या पुढच्या हौदाला दुसरे वगळायचे. आणि वाट पाहायची.

करायला ते अतिशय अवघड होते. उंदराच्या वाटीत ठेवलेले खाद्य वाटीतच राहते. माशाचे खाद्य पाण्यात पडते, आणि ब वर्गातली जीवनसत्त्वे पाण्यात विरघळून मासा तोंड उघडायच्या आत निघून जातात. खाद्य असे बांधायला हवे की ते पाण्यात धरून राहील, पण पोटात सुटेल. ते माशाला आवडायलाही हवे, कारण खाल्लेच नाही तर मृत्यू उपासमारीने झाला की कमतरतेने, हे कळणार कसे? शिवाय ओढ्याच्या पाण्यातून एखादा किडा, एखादे शेवाळ आत आले तरी हिशेब बिघडणार. हॅल्व्हर यांच्याआधी विस्कॉन्सिनमध्ये एल्व्हेजेम यांच्या चमूने आणि न्यूयॉर्कमध्ये लुई वुल्फ यांनी या वाटेवर बरीच मजल मारली होती. त्यांच्या पायावर हॅल्व्हर यांनी जो आहार सिद्ध केला तो एच-४४० या नावाने ओळखला जातो. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत माशांवरचे प्रयोग त्याच्या आधाराने बेतले जातात. कच्च्या कलेजीचा कणही नसलेल्या या आहारावर सामनची पिल्ले जगली आणि वाढली.

मग हौद बोलू लागले. थायमिन वगळलेल्या हौदातल्या पिल्लांचा तोल जाई, ती कुशीवर पडून पोहत, झटके येत. पायरिडॉक्सिन वगळले तिथे पिल्ले जरा धक्का लागला तरी वेड्यासारखी उसळत, श्वास धापा टाकल्यासारखा चाले आणि मेल्याबरोबर अंग ताठरून जाई. रायबोफ्लेविनविना डोळ्यांत सारा पडे, बुबुळ धुरकट होई. पँटोथेनिक ॲसिड नसले की कल्ल्यांच्या नाजूक पात्या एकमेकींना चिकटून गोळा होत आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरे. हॅचऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे दिसणारा कल्ल्यांचा हा आजार लोक जंतूंचा समजून औषधे ओतत आले होते. फोलिक ॲसिड नसले की पिल्ले सुस्त आणि फिकट.

लक्षण दिसले म्हणून हॅल्व्हर समाधान मानत नसत. हौदातल्या निम्म्या माशांना वगळलेले जीवनसत्त्व परत द्यायचे आणि उरलेल्यांना नाही. पहिले सावरले आणि दुसरे मेले, तरच ते जीवनसत्त्व आवश्यक ठरले. या कामात अगणित मासे मेले. पण त्याआधी हॅचऱ्यांमध्ये कारण न कळता मेलेल्या माशांची तर गणतीच नव्हती.

१९५७ साली चिनूक सामनला लागणाऱ्या पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांची यादी प्रसिद्ध झाली. त्याच साली डिलाँग आणि एडविन मर्ट्झ यांच्यासोबत हॅल्व्हर यांनी दाखवले, की उंदराच्या पिल्लाला लागतात तीच १० अमिनो आम्ले सामनलाही आहारातून मिळावी लागतात. (हेच मर्ट्झ पुढे लायसिनने समृद्ध असलेल्या मक्याच्या वाणामुळे प्रसिद्ध झाले.) पुढच्या वर्षी एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. सुमारे ८ अंश सेल्सियस पाण्यात चिनूकला उत्तम वाढीसाठी खाद्यात ४० टक्के प्रथिने पुरली. पाणी सुमारे १४ अंशांवर नेले, तर तीच गरज ५५ टक्क्यांवर गेली. कोंबडीच्या खाद्याचे गणित कोंबडीवर ठरते. माशाच्या खाद्याचे गणित तो ज्या पाण्यात आहे त्यावरही ठरते.

यादी सुरुवातीला अपुरी होती, हेही सांगायला हवे. ‘क’ जीवनसत्त्वाचे महत्त्व पुरते कळायला आणखी दशक लागले. १९६९ साली हॅल्व्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की त्याच्याशिवाय कोहो सामन आणि रेनबो ट्राउट यांचा कणा वाकडा होतो. पुढे अलाबामात कॅटफिशच्या तळ्यांमध्ये पाठ मोडलेले मासे निघाले, तेव्हा उत्तर तयार होते. खाद्य बनवताना लागणाऱ्या उष्णतेत आणि साठवणीत ‘क’ नष्ट होत होते.

तर अशा रीतीने १९५०च्या दशकाअखेर सुक्या खाद्याचे स्वप्न खरे झाले. दळलेल्या मांसाचे घमेले जाऊन गोळीखाद्याची पोती आली. कच्च्या माशांमधून हॅचऱ्यांत पसरणारा माशांचा क्षयही त्यामुळे आटोक्यात येऊ लागला. ट्राउट स्वस्तात, झपाट्याने वाढू लागले. कथा इथे संपली असती.

पण १९६० साली कॅलिफोर्नियात आणलेल्या रेनबो ट्राउटची पोटे तपासनिसांनी उघडली, तर यकृतांवर गाठी होत्या. शोध घेतल्यावर एकापाठोपाठ एक हॅचरीतून तीच बातमी येऊ लागली. वर्ष-दोन वर्षांपेक्षा मोठ्या माशांमध्ये यकृताचा कर्करोग, कुठे थोड्या, कुठे बहुतेक माशांमध्ये. सिअ‍ॅटलचे रॉबर्ट रकर आणि विल्यम यासुताके, कॅलिफोर्नियाचे हॅरल्ड वुल्फ यांनी १९६१ साली पहिला अहवाल दिला. व्यवसायजन्य कर्करोगांचे गाढे अभ्यासक विल्हेल्म ह्यूपर यांनीही राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडून यात लक्ष घातले. माशांमध्ये यकृताच्या कर्करोगाची एवढी मोठी साथ अनपेक्षित होती. विषाणू असेल का? आनुवंशिक दोष? पाण्यात कुठले रसायन? एक धागा मात्र सगळीकडे सारखा होता. ओल्या मांसावर वाढलेल्या माशांत गाठी नव्हत्या. सुक्या गोळ्यांवर वाढलेल्यांत होत्या.

ज्या खाद्यासाठी तीस वर्षे खर्ची पडली, ते खाद्यच आता आरोपी होते. आणि याच ठिकाणी एच-४४० ची खरी किंमत कळली. त्या आहारातला प्रत्येक घटक शुद्ध आणि माहितीतला होता, आणि त्यावर वाढलेल्या माशांची यकृते स्वच्छ निघत होती. म्हणजे प्रश्न सुकेपणाचा नव्हता, जीवनसत्त्वांचाही नव्हता. बाजारी गोळीत काहीतरी जास्तीचे होते. आतापर्यंत काय कमी आहे ते शोधायला वापरलेला आहार आता काय लपले आहे ते शोधायच्या कामी आला. एकेक घटक वगळून नव्हे, एकेक घालून पाहायचे. हॅरल्ड वुल्फ आणि अर्नेस्ट जॅक्सन यांनी १९६३ साली बोट ठेवले ते सरकीच्या पेंडीवर.

त्याआधीच, १९६० च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्ले मेली होती. कारण न कळल्याने त्या रोगाला ‘टर्की एक्स’ म्हणत. माग काढत शास्त्रज्ञ ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचले, आणि त्या पेंडीत वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपर्यंत. अर्क अतिनील प्रकाशात धरला की त्यात निळे आणि हिरवे ठिपके उजळत. या विषाला अफ्लाटॉक्सिन नाव मिळाले. सरकीच्या पेंडीत तीच बुरशी होती. ॲशली, हॅल्व्हर आणि एमआयटीचे जेराल्ड वोगन यांनी शुद्ध अफ्लाटॉक्सिन माशांना देऊन पाहिले, आणि यकृतात गाठी उगवल्या. ओरेगॉन स्टेट विद्यापीठात रसेल सिनहूबर यांनी पुढे दाखवले, की रेनबो ट्राउटला अब्जात एक भागाच्या आसपासचे प्रमाणही पुरते. शिवाय सरकीच्या तेलात नैसर्गिकरीत्या असणारी काही मेदाम्ले या विषाचा जोर वाढवतात. कोहो सामनला मात्र तेवढ्याच विषाने फारसे काही होत नाही. एकाच कुळातले दोन मासे, पण त्यांच्या यकृतात विषाची विल्हेवाट वेगळ्या तऱ्हेने लागते.

कलेजीतल्या जीवनसत्त्वाचा एक कण नसला तर मासा मरत होता, आणि पेंडीतल्या विषाचा त्याहूनही बारीक कण असला तरी मरत होता. अशा सूक्ष्म मात्रेची दखल घ्यायला मत्स्यशास्त्राने बाकीच्या जगाला शिकवले, असे मी म्हणेन आणि त्यात अतिशयोक्ती नाही. ट्राउटइतका संवेदनशील प्राणी प्रयोगशाळेला मिळाल्यामुळेही अफ्लाटॉक्सिन हे अतिशय प्रभावी कर्करोगकारक विष आहे, हे इतक्या लवकर पटले.

ते पटायला हवेच होते. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजून बुरशी धरलेला मका खाऊन आदिवासी वस्त्यांमधली माणसे कावीळ आणि जलोदराने पडली. नोंद झालेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. गावांतले कुत्रेही तसेच मेले, कारण तेही तोच मका खात होते. त्याच विषावर उतारा शोधण्याचे काम पुढे ओरेगॉनच्या ट्राउट हौदांत झाले. जॉर्ज बेली यांच्या चमूला दिसले, की हरितद्रव्यापासून बनवलेले क्लोरोफिलिन खाद्यात असले तर अफ्लाटॉक्सिनची बाधा कमी होते. त्या आधारावर चीनच्या चिडोंगमध्ये १८० माणसांना चार महिने ते देऊन पाहिले गेले. २००१ सालच्या निष्कर्षानुसार विषाने जनुकद्रव्याला पोहोचणारी इजा दर्शवणारे लघवीतले चिन्ह ५५ टक्क्यांनी घटले होते.

आपल्याकडे तळ्यात कटला, रोहू, मृगळ वाढवणाऱ्याला एच घटकाची चिंता कधी करावी लागली नाही. भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड हे आपले जुने खाद्य. त्यात जीवनसत्त्वे अपुरी असली तरी शेणखताने हिरवट झालेल्या तळ्याच्या पाण्यातले प्लवंग ती उणीव भरून काढतात. बर्लिंग्टनच्या स्वच्छ, थंड, वाहत्या पाण्याच्या हौदात हे अन्न नव्हते म्हणून तिथे कोडे उघडे पडले. आता मात्र महाराष्ट्रातल्या धरणांच्या जलाशयांत पिंजरे लागले आहेत, त्यांत तिलापिया आणि पंगस दाटीने वाढवले जातात, आणि पिंजऱ्यातल्या माशाला पोत्यातून जे मिळेल तेवढेच मिळते. त्याच्यासाठी १९५७ ची यादी बहुतांशी लागू होते, नंतर तिच्यात आलेल्या ‘क’ जीवनसत्त्वासकट. म्हणून पोत्यावरची उत्पादनाची तारीख पाहावी, पावसाळ्यात पोती जमिनीला आणि भिंतीला टेकू न देता फळ्यांवर रचावीत, महिनोन्महिने पुरेल एवढा साठा करू नये आणि कुबट वास येणारी पेंड उन्हात वाळवून वापरायचा मोह टाळावा. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, पण अफ्लाटॉक्सिन पुरते जात नाही.